इंटरनॅशनल स्कूलच्या ओपन हाऊसला आणि पॅरेंट इंटरॲक्शनला महागडे ब्रँडेड कपडे, बॅग घालून जावं का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की लेकीसाठी मुंबईतल्या एका इंटरनॅशनल स्कूलचा नर्सरीचा फॉर्म भरलाय, आधी ओपन हाऊस आहे आणि मग आईवडिलांचं इंटरॲक्शन, आणि बिल्डिंगमधली मैत्रीण सांगते की तिथे सगळ्या जणी गुच्ची नाहीतर लुई व्हिटॉन घेऊनच येतात, तर जाऊबाईंची बॅग एका दिवसापुरती मागून घेऊ का, नवऱ्याने सूट घालावा का आणि लेकीला कुठला फ्रॉक घालू.

बॅग मागू नका. पुढचं वाचायचा कंटाळा असेल तर एवढं वाचलंत तरी पुरे.

आता जरा सविस्तर सांगते. मी उपनगरातल्या एका आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या) शाळेत बरीच वर्षं ॲडमिशन डेस्कला होते, शाळेचं नाव विचारू नका. फॉर्म तपासायचे, फोन घ्यायचे, आणि इंटरॲक्शनच्या वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून नोंदी करायच्या हे माझं काम. प्रिन्सिपल मॅडम आणि कोऑर्डिनेटर बोलायच्या, मी फक्त लिहायची, त्यामुळे लोकांकडे नीट बघायला भरपूर वेळ मिळायचा.

तर पहिली गोष्ट, कपडे कोणी बघतच नाही असं जे इथे बाकीच्यांनी उत्तरात लिहिलंय ते काही खरं नाही. बघतात की. आमच्या रिसेप्शनवरच्या दोघी मुलींना कुठली बॅग खरी आणि कुठली फर्स्ट कॉपी हे दारातून आत येतानाच कळायचं, चार वाजताच्या चहाला तोच विषय. पण ते बघणं वेगळं आणि फॉर्मवर काही लिहिलं जाणं वेगळं. नोंदीच्या कागदावर कपड्यांचा रकानाच नव्हता हो. आणि तुमच्याकडे पैसे आहेत की नाहीत हे बॅगेवरून ठरवायची शाळेला गरज काय? फॉर्ममध्ये तुमचा पत्ता आहे, दोघांच्या कंपन्यांची नावं आहेत, हुद्दे आहेत, बऱ्याच ठिकाणी उत्पन्नसुद्धा विचारतात. फी वर्षाला चार-पाच लाखांपासून दहा लाखांच्या वरपर्यंत कुठेही असू शकते, आणि ती ऐकूनसुद्धा तुम्ही फॉर्म भरलात याचा अर्थ शाळेने लावलेला असतोच.

मग बॅग बघतं कोण? बाहेर लॉबीत बसलेल्या बाकीच्या आया. तिथे काय चालतं ते मी काचेतून बघितलंय. एक नजर चेहऱ्यावर, एक खांद्यावर, मग पायांकडे, आणि मग ठरतं की बोलायचं की फोनमध्ये डोकं घालायचं. तुमची मैत्रीण म्हणते ते त्या लॉबीपुरतं खरं आहे. पुढे वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होतो, वाढदिवसाच्या पार्ट्या होतात, तिथेही हे थोडंफार चालतं, उगाच नाही कशाला म्हणू. पण त्या बायकांच्या हातात तुमच्या मुलीची ॲडमिशन नाहीये. आणि गंमत म्हणजे तिथल्या मुरलेल्या श्रीमंत घरातल्या बायका बहुतेक वेळा साध्या लिननच्या शर्टात यायच्या, कुठे लोगो नाही काही नाही, तो शर्ट चाळीस हजारांचा असेल पण ते ओळखायला तशाच दुसऱ्या बाईची नजर लागते. त्या खेळात उसनी बॅग घेऊन उतरण्यात काय अर्थ आहे सांगा.

उसन्याचं तर एक भारीच झालं होतं. एक जोडपं आलं होतं, साधी नोकरदार माणसं, तिच्या मांडीवर क्रीम रंगाची क्विल्टेड बॅग, सोनेरी साखळीची. समोरच्या टेबलावर मुलाला कागद आणि क्रेयॉन दिले होते. मुलाचा हात जरा इकडे आला की ती बॅग तिकडे सरकवायची, परत हात आला की परत सरकवायची. कोऑर्डिनेटरने विचारलं, तो रागावला की तुम्ही त्याला कसं शांत करता, आणि तिला प्रश्नच ऐकू गेला नाही, कारण लक्ष सगळं त्या जांभळ्या क्रेयॉनकडे. नवऱ्याने सावरायचा प्रयत्न केला पण त्यालाही उत्तर माहीत नव्हतं, तो तिच्याकडे बघतोय आणि ती बॅगेकडे. शेवटी पोरगाच बोलला, स्वच्छ मराठीत, की ही मावशीची पर्स आहे, रंग लागला तर मावशी मम्माला मारेल. प्रिन्सिपल मॅडम इतक्या हसल्या की त्यांनी चष्मा काढला. ती बिचारी लालबुंद. मुलाला ॲडमिशन मिळाली बरं का, आणि पोरगा बोलका होता हे त्यात होतंच. पण माझ्या कागदावर तेव्हा मी लिहिलं होतं की आईचं लक्ष नव्हतं, वडिलांना रोजची माहिती कमी, आणि ते त्या दोघांचं खरं रूप होतं असं मला आजही वाटत नाही, ते त्या बॅगेमुळे झालं. तीन वर्षांचं मूल बरोबर असताना घरातली कुठलीच गोष्ट लपत नाही, तेव्हा जाऊबाईंचं नाव तुमची लेक पण घेणारच असं धरून चाला.

बाय द वे, कायद्याने बघायला गेलं तर ही असली पारख करायलाच बंदी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ म्हणतं की ॲडमिशन देताना कॅपिटेशन फी, म्हणजे ठरलेल्या फीशिवाय वरची देणगी, घ्यायची नाही आणि मुलाची किंवा पालकांची स्क्रीनिंग करायची नाही, स्क्रीनिंग केली तर पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत आणि नंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड. मग हे इंटरॲक्शन कसं काय चालतं? तर गोम अशी की हा कायदा मुळात ६ ते १४ वयाच्या मुलांचा, आणि नर्सरीतलं पोर तीन वर्षांचं. दिल्ली हायकोर्टाने २०१३ मध्ये तिथल्या नर्सरी ॲडमिशनच्या केसमध्ये हेच म्हटलं, की गरीब आणि वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा सोडल्या तर नर्सरीला हा कायदा लागू नाही. शिवाय विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आधीच कायद्याबाहेर गेल्यात. त्यामुळे सगळं गप्पा मारल्यासारखं, हसतखेळत चालतं, पण दोन्ही बाजूंना माहीत असतं काय चाललंय ते.

आणि खरं काय ठरवतं ते ऐकलंत तर तुमचं कपड्यांचं टेन्शन अर्धं उतरेल. बऱ्याच शाळांमध्ये जागा आधीच वाटल्या गेलेल्या असतात. आधी भावंडं, मग स्टाफची मुलं, मग माजी विद्यार्थ्यांची मुलं, काही शाळांमध्ये त्यांच्या समाजाचा कोटा. उरलेल्या जागांमध्ये मुलं-मुली साधारण सारख्या ठेवायच्या, वर्गातली सगळी मुलं वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेली नकोत हेही बघायचं. म्हणजे तुमची लेक कधी जन्मली याचं वजन तुमच्या बॅगेपेक्षा जास्त असू शकतं.

पैसा कामाला येतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही, जगात कुठेही म्हणता येणार नाही. न्यूयॉर्कचं एक प्रकरण २००२ मध्ये बाहेर आलं होतं, जॅक ग्रबमन नावाचा वॉल स्ट्रीटवरचा बडा ॲनालिस्ट, त्याच्या जुळ्या मुलांना मॅनहॅटनमधल्या नाइन्टी सेकंड स्ट्रीट वाय या नामांकित नर्सरीत घालायचं होतं आणि तो जिथे काम करायचा त्या सिटीग्रुप बँकेने त्या संस्थेला दहा लाख डॉलर द्यायचं कबूल केलं होतं. त्याने एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या शेअरचं रेटिंग वाढवलं त्याचा या ॲडमिशनशी संबंध होता असा आरोप झाला, त्याने तो नाकारला, पण त्याचे ईमेल सगळ्या जगाने वाचले आणि २००३ मध्ये तो त्या धंद्यातून कायमचा बाद झाला. आता बोला, जिथे पैसा खरंच बोलतो तिथे तो असल्या आकड्यांत बोलतो, त्यात तुमची दीड-दोन लाखांची बॅग कुणाच्या गावीही नाही.

मला विचाराल तर हे बॅगेचं टेन्शन बऱ्याच वेळा इंग्रजीचं टेन्शन असतं. आपल्या मराठी घरातले पालक मी खूप बघितले, दादर-ठाण्याहून यायचे, दोघं इंजिनियर, चांगलं कमावणारे, आणि खुर्चीत बसल्यावर एकदम शाळेतल्या मुलांसारखे ताठ. पाठ करून आणलेली इंग्रजी वाक्यं, आम्ही घरी फक्त इंग्लिशच बोलतो वगैरे, आणि तेवढ्यात मुलगी म्हणायची आई शू आली. अहो, घरी मराठी बोलतो, आजी गोष्टी सांगते असं सांगितलंत तर आयबी शाळेत उलट छान वाटतं, मुलाच्या मातृभाषेबद्दल त्या बोर्डातच बरंच बोललं जातं. विचारतात तरी काय, जेवायला किती वेळ लागतो, झोपते कधी, स्क्रीन किती वेळ, दुसऱ्या मुलाने खेळणं घेतलं तर काय करते, दिवसभर तिच्याजवळ कोण असतं. यांची उत्तरं दोघांची जुळली पाहिजेत. बाबा म्हणतात टीव्ही अजिबात नाही आणि आई म्हणते जेवताना थोडा, असं झालं की लगेच लिहिलं जायचं.

ओपन हाऊसला तर बिनधास्त जा, तिथे शाळाच तुमच्यासमोर नटून उभी असते, पारखायचं तुम्ही आहे. शिक्षक किती वर्षं टिकतात ते विचारा, एका वर्गात मुलं किती आणि ताई-मावश्या किती, आणि फी किती वाढते. महाराष्ट्रात २०११ चा फी नियमन कायदा आहे, फीवाढ पालक-शिक्षकांच्या कार्यकारी समितीपुढे यावी लागते, तर गेल्या वेळी कधी आली होती असं गोड हसून विचारा. ज्या पालकांनी हे विचारलं ते आम्हाला लक्षात राहायचे, चांगल्या अर्थाने.

आता घालायचं काय. रोज ऑफिसला जाताना जे बरं दिसतं ते. कॉटनचा किंवा मंगळगिरीचा कुर्ता, साडी नेसत असाल तर साडी, ट्राउझर-शर्ट पण चालेल. तुमच्याकडे स्वतःची महागडी बॅग असती आणि रोज वापरत असतात तर मी म्हटलं असतं तीच न्या, आधी वापरलेली वस्तू अंगावर सहज बसते. कोल्हापुरी घालू का असं एकीने खाली कमेंटमध्ये विचारलंय, तर घाला की, २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला मॉडेल्सच्या पायात घातल्या, आपल्याकडे आरडाओरडा झाला तेव्हा कुठे मान्य केलं की प्रेरणा भारतातली आहे. २०१९ पासून कोल्हापुरीला जीआय टॅग, म्हणजे त्या भागाची खास वस्तू असल्याची सरकारी मोहोर, आहे, तुमच्या पायातली अस्सल असेल तर तुम्हीच डिझायनर घातलंय असं समजा! फक्त ती काढायला सोपी असू दे, कारण नर्सरीच्या वर्गात बहुतेक ठिकाणी चपला बाहेर काढाव्या लागतात आणि मग खाली गोल करून किंवा त्या वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर बसवतात. घट्ट ड्रेस आणि हाय हील्सवाल्यांचे तिथे फार हाल व्हायचे, उठताना नवऱ्याने हात द्यायचा, गुडघे आवळून बसायचं, बघवायचं नाही. परफ्यूम कमी मारा, खोली लहान, बंदिस्त आणि एसीची असते. हातात वाजणाऱ्या बांगड्या नकोत.

नवऱ्याला सूट नको, थेट मीटिंगमधून येत असतील तर गोष्ट वेगळी, पण टाय सैल करायला सांगा आणि मोजे बघून घ्या, अंगठा बाहेर आलेले मोजे मी चांगल्या चांगल्या व्हाइस प्रेसिडेंटांचे बघितलेत. आणि लेकीला नेटचा फुगीर फ्रॉक नको, खालून टोचतो आणि ती सगळा वेळ खाजवत बसते. इलॅस्टिकची पँट आणि मऊ टीशर्ट, म्हणजे मध्येच टॉयलेटला जायचं झालं तर तिची ती खाली करू शकेल, मावश्या ते बघतात आणि त्याची नोंद मात्र होते.