पंपाआधीचे तीनशे रुग्ण

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. सातव्या वर्षी तिला टाइप वन डायबिटीस निघाला, तेव्हापासून इन्शुलिन पेनवर आहोत. आता डॉक्टरांनी सेन्सरचे आकडे बघून स्वतःच इन्शुलिन सोडणारा पंप सुचवला आहे. माझा भाचा म्हणतो, असल्या पंपांचा प्रोग्रॅम आधी कॉम्प्युटरमधल्या बनावट रुग्णांवर तपासतात. ज्यांना भूक नाही, ताप नाही, परीक्षेचं टेन्शन नाही, अशांवर तपासलेलं यंत्र पोरीच्या पोटाला लावायला मन धजावत नाही. काय करू?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, तुमच्या भाच्याने सांगितलं ते खरं आहे. पण ते ऐकून मला भीती वाटत नाही, उलट धीर येतो. तो का, हे जरा सविस्तर सांगते. लहान मुलांचा डायबिटीस हेच माझं रोजचं काम आहे आणि पंप घ्यायचा म्हटलं की जवळजवळ प्रत्येक आई हीच शंका वेगळ्या शब्दांत विचारते.

इन्शुलिनची अडचण अशी की एकदा कातडीखाली गेलं की ते परत घेता येत नाही. त्याचा जोर यायला तासभर लागतो आणि अंमल तीन-चार तास राहतो. त्यात सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा काही मिनिटं मागे असतो. म्हणजे रात्री दोन वाजता पंपाला जुन्या आकड्यावरून पुढच्या तीन तासांचा निर्णय घ्यायचा असतो, आणि तेव्हा तुम्ही दोघी झोपलेल्या असता. असा प्रोग्रॅम पहिल्यांदा कुणावर चालवून बघायचा?

पूर्वी याचं उत्तर ‘प्राण्यांवर’ असं होतं. टोरांटोमध्ये १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले म्हणून इन्शुलिन हाती आलं, ते ऋण विसरता येणार नाही. पण इन्शुलिन बनवणारं स्वादुपिंड काढलेली मोजकी कुत्री पंपाला काय शिकवणार? वयात येताना मुलीला एकाएकी जास्त इन्शुलिन लागू लागतं. चार वर्षांच्या मुलाला अर्धा युनिटसुद्धा भारी पडतो. हे फरक कुत्र्यात दिसत नाहीत.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले बोरिस कोवाचेव्ह आणि इटलीतल्या पादोव्हा विद्यापीठातले क्लाउडिओ कोबेली यांच्या गटांनी म्हणून संगणकात तीनशे रुग्ण उभे केले : १०० प्रौढ, १०० किशोरवयीन, १०० लहान मुलं. ‘बनावट’ म्हटलं की मनाने रचलेले असं वाटतं, तसे ते नाहीत. त्यांच्या मुळाशी डायबिटीस नसलेल्या २०४ खऱ्या माणसांच्या नोंदी आहेत. या माणसांना ओळखता येईल अशी खूण केलेलं ग्लुकोज जेवणातून आणि शिरेतून दिलं गेलं आणि जेवणानंतर कित्येक तास त्यांचं रक्त तपासलं गेलं. त्या खुणांमुळे रक्तातली कुठली साखर पोटातून आली, कुठली यकृताने सोडली आणि किती स्नायूंनी उचलली, याचा वेगवेगळा हिशेब मिळाला. नुसती शुगर तपासून हा हिशेब कधीच मिळत नाही, आपल्याला फक्त बेरीज दिसते.

या हिशेबावरून समीकरणं बसवली. मग शरीराचं स्वतःचं इन्शुलिन शून्य केलं आणि टाइप वनमध्ये जे बदल होतात ते त्यात घातले. प्रत्येक रुग्ण म्हणजे आकड्यांचा एक संच : वजन किती, इन्शुलिनला शरीर किती दाद देतं, जेवण किती वेगाने पचतं. कुणाची शुगर एका युनिटने थोडी उतरते, कुणाची धाडकन कोसळते. तीनशे जणांत दोघं सारखे नाहीत.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जानेवारी २००८ मध्ये पंपाच्या प्रोग्रॅमसाठी प्राण्यांऐवजी हे रुग्ण मान्य केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केवळ त्यांच्यावरच्या निकालांच्या आधारे माणसांवरच्या पहिल्या अभ्यासाला परवानगीही मिळाली.

आता तुमच्या मनातल्या भीतीबद्दल. या रुग्णांवर मुद्दाम चुका करता येतात, आणि माझ्या लेखी त्यांचं सगळ्यात मोठं मोल तेच आहे. सेन्सरला चाळीसने जास्त आकडा दाखवायला लावा. जेवणाचं इन्शुलिन देऊन ताट तसंच ठेवा. जेवणातले कार्ब, म्हणजे पिठूळ-गोड भाग, दुप्पट मोजा. मग तीनशेपैकी किती जणांची शुगर धोक्याइतकी उतरते ते बघा, प्रोग्रॅम सुधारा आणि पुन्हा चालवा. एकाही लेकराला झटका येत नाही. ही परीक्षा तुमच्या मुलीवर घ्यायचा अधिकार जगात कुणालाच नाही, आणि ती न घेता यंत्र बाजारात आणायचाही नाही.

हे रुग्ण अपुरे आहेत, हा तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे. पहिल्या आवृत्तीत माणसाची इन्शुलिनला मिळणारी दाद दिवसभर एकच धरली होती. पहाटे आपोआप वाढणारी शुगर पुढच्या आवृत्त्यांत आली, आणि शुगर फार उतरल्यावर शरीर स्वतःला कसं सावरतं तेही नंतर सुधारलं. ताप, पाळी, गॅदरिंगच्या नाचाची प्रॅक्टिस हे अजूनही त्यांत नीट उतरत नाही. ज्या जेवणावरून पचनाची समीकरणं निघाली त्यात अंडी, मांस आणि ग्लुकोज मिसळलेली जेली होती. वरण-भात नव्हता, पुरणपोळी तर नव्हतीच. आपल्या मुलांच्या, आपल्या ताटावरच्या अशाच बारीक नोंदी व्हायला हव्यात असं मला फार वाटतं.

म्हणूनच संगणकावर पास झालेला प्रोग्रॅम थेट घरी येत नाही. व्हर्जिनियातल्याच संशोधनातून निघालेल्या कंट्रोल-आयक्यू या प्रणालीची चाचणी ६ ते १३ वर्षांच्या १०१ मुलांवर १६ आठवडे झाली, म्हणजे तुमच्या मुलीच्याच वयोगटात. २०२० मध्ये निकाल आले : ही प्रणाली वापरणाऱ्या मुलांची शुगर ७० ते १८० च्या दरम्यान ६७ टक्के वेळ राहिली, साधा पंप आणि सेन्सर वापरणाऱ्यांची ५५ टक्के. दिवसाचे जवळपास अडीच तास जास्त, आणि त्यातला मोठा फायदा रात्रीचा.

तुम्हाला कुठला पंप सुचवला ते पत्रात नाही. डॉक्टरांना विचारा : या पंपाची चाचणी बारा वर्षांच्या मुलांवर झाली आहे का, आणि सेन्सर बंद पडला तर पंप काय करतो? खर्चाचंही स्पष्ट विचारा. पंप एकदा घेतला तरी सेन्सर आणि इन्शुलिन कातडीखाली नेणाऱ्या नळीचे सेट सतत घ्यावे लागतात, मध्येच थांबणं परवडत नाही. पंप लावलात तर पहिले काही आठवडे सणाच्या जेवणानंतर ग्लुकोमीटरवरही शुगर बघा. इन्शुलिन पेन घरात कायम ठेवा. नळी दुमडली की पंपावरच्या मुलाची शुगर काही तासांत चढते आणि तेव्हा पेनच कामी येतं.

प्रश्न : मी बी. फार्म.ला आहे. संगणकातले रुग्ण आले की माणसांवरच्या चाचण्या बंद होतील का?
— एक विद्यार्थी, अमरावती

उत्तर : नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२२ च्या कायद्याने नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. माणसांवरच्या चाचण्या तशाच आहेत. २००६ मध्ये लंडनला टीजीएन १४१२ हे प्रतिकारशक्तीच्या पेशींवर काम करणारं औषध माकडांना सोसलं होतं, पण त्याहून कितीतरी कमी मात्रेत सहा निरोगी स्वयंसेवकांना दिल्यावर सगळे अतिदक्षता विभागात पोहोचले. त्यांच्या पेशींनी जे केलं ते तेव्हा कुठल्याच समीकरणात नव्हतं, आणि जे आपल्याला ठाऊक नाही ते संगणकातल्या रुग्णालाही ठाऊक नसतं. साखर-इन्शुलिनचं गणित जमलं, कारण त्यामागे अनेक दशकांची मोजमापं होती. प्रतिकारशक्तीचं तितकं जमलेलं नाही. तुला या कामात यायचं असेल तर फार्माकोकायनेटिक्सचा, म्हणजे औषध शरीरात कसं पसरतं आणि बाहेर पडतं याचा, पेपर पाठ करून सोडू नकोस. त्यातली समीकरणं स्वतः संगणकावर चालवून बघ, आणि जोडीला शरीरक्रियाशास्त्र पक्कं कर.