१३८१ च्या इंग्लंडमधल्या शेतकरी उठावाला चर्च मोडायचं होतं का?

मोडायचं नव्हतं. त्यांना चर्च हवंच होतं, फक्त जहागिरदारी करणारं नको होतं. १५ जूनला लंडनबाहेर स्मिथफील्डच्या मैदानात उठावाचा पुढारी वॉट टायलरने चौदा वर्षांच्या राजा रिचर्डपुढे मागण्या ठेवल्या: अख्ख्या इंग्लंडात बिशप एकच असावा, धर्मगुरूंना पोटापुरतं मिळावं, चर्चची उरलेली मालमत्ता गावकऱ्यांत वाटावी. त्या एका गादीवर जॉन बॉलला बसवायचा बेत होता, असं तेव्हाचे इतिवृत्तकार सांगतात. हा बॉल म्हणजे चर्चने बहिष्कृत केलेला, तुरुंगवास भोगलेला फिरता धर्मगुरू. आदम खणत होता नि हव्वा सूत कातत होती, तेव्हा उमराव कोण होता, हा त्याचा सवाल.

बंडखोरांना चीड होती ती सायमन सडबरीची. कँटरबरीचा आर्चबिशप आणि त्याच वेळी राज्याचा चान्सलर, म्हणजे राजाचा मुख्य मंत्री! साहजिकच डोईपट्टीचा, म्हणजे माणशी बसवलेल्या कराचा, सगळा राग त्याच्यावर निघाला. १४ जूनला लोकांनी त्याला लंडनच्या टॉवर किल्ल्यातून ओढून नेऊन त्याचं मुंडकं उडवलं. म्हणे आठ घाव लागले. ती कवटी आजही सडबरी गावच्या सेंट ग्रेगरी चर्चमध्ये आहे. (माणूस तसा वाईट नव्हता, असं माझं मत.)

नॉर्विचचा बिशप डिस्पेन्सर मात्र चिलखत चढवून बंडखोरांवर चालून गेला. त्यांचा पुढारी लिट्स्टर हाती लागल्यावर म्हणे आधी स्वतः त्याचा कबुलीजबाब ऐकला, पापक्षमा दिली, मग फासावर चढवलं. बॉललाही १५ जुलैला सेंट ऑल्बन्समध्ये मारलं.