एन्रॉन जागतिक बँकेने आणला नाही

जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची कर्जं विकसनशील देशांना बुडवतात का, असं विचारलंत आणि उदाहरण एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचं दिलंत. मी प्रकल्पाच्याच गुहागर तालुक्यातला. उदाहरण साफ चुकीचं आहे.

या प्रकल्पाला कर्ज द्यायला जागतिक बँकेने 1993 साली नकार दिला होता, तोही लेखी. राज्याच्या गरजेच्या मानाने प्रकल्प मोठा, आयात गॅसची वीज कोळशाच्या विजेपेक्षा महाग, परवडणार नाही. तरी त्याच डिसेंबरात राज्याच्या वीज मंडळाने कंपनीशी वीजखरेदी करार केला. वीज घ्या नाहीतर नका घेऊ, ठरलेली रक्कम (स्थिर आकार) भरायचीच, आणि हिशेब डॉलरात. राज्याने हमी दिली, केंद्राने प्रतिहमी, म्हणजे राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्र देणार. मग कर्ज द्यायला अमेरिकेची सरकारी एक्झिम बँक आली, आपली आयडीबीआय आणि स्टेट बँकही आली.

आमचे अण्णा शाळामास्तर. प्रकल्पावर देवळात बैठक बसली तेव्हा ते उठून म्हणाले, "कर्ज देणं हाच ज्यांचा धंदा, ते मागे का सरले एवढं तरी विचारा." धाकट्या काकांनी भर बैठकीत सुनावलं, "अण्णा, पोरांच्या नोकऱ्यांच्या आड येऊ नकोस." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या गणपतीत वाडीच्या आरत्या आमचं घर टाळून पुढे गेल्या. आईने प्रसादाची तयारी करून ठेवली होती. अण्णा कुणाला काही बोलले नाहीत.

1999 ला वीज सुरू झाली. 2001 ला बिलं झेपेनात म्हणून मंडळाने करार मोडला, प्रकल्प बंद पडला, आणि वर्ष संपायच्या आत कंपनीच अमेरिकेत दिवाळखोर झाली. आता दर गणपतीत काका सांगतात, जागतिक बँकेने कोकण बुडवलं. नाही काका. सह्या आपल्याच सरकारने केल्या, आणि आपण त्यांना डोक्यावर घेतलं.

बँक धुतल्या तांदळासारखी आहे असं मात्र नाही. 1991 ला सोनं गहाण टाकून आपण नाणेनिधीकडे गेलो, त्याच वर्षी वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली झाली. त्या वाटेचा आग्रह जागतिक बँकेचाही होता. परकीय चलन संपलेल्या छोट्या देशाला तर अटी नाकारताच येत नाहीत, हेही खरं.

पण कर्ज कुणाचं एवढ्यावर थांबू नका. खरेदी करार मागा, हमी कुणी दिली ते बघा, तो करार गावात वाचून दाखवला होता का ते विचारा. आमच्याकडे करार मागणारा माणूस विकासाचा वैरी ठरला होता.