औषधाचा परिणाम की नुसत्या हाताळणीचा?

प्रश्न असा आहे की मॅलाथिऑन हे कीटकनाशक लावलेली झुरळं आणि औषध न लावता नुसती जखडून ठेवलेली झुरळं, दोन्हींत ग्लायकोजन फॉस्फोरिलेज (साठवलेली साखर मोकळी करणारं एन्झाइम) आणि कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) वाढलं. मग यात औषधाचा वाटा किती?

या दोन एन्झाइमांवरून तो कळणं कठीण. झुरळाला नुसतं पकडून हलवलं तरी ऑक्टोपामाइन हे ताणाचं रसायन सुटतं, फॉस्फोरिलेज जागं होतं आणि रक्तातलं ट्रेहॅलोज, म्हणजे कीटकांची रक्तशर्करा, चढतं. विषबाधा झालेलं झुरळ तरी काय करतं? उताणं पडून पाय झाडत राहतं. म्हणजे शारीरिक ताण औषधाच्या गटातही आहेच, तो वजा करायचा कसा? कॅटालेजचंही तसंच. ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे घटक साठणं) कुठूनही आला तरी ते हलतं.

तुम्हाला हवी ती खूण ॲसिटिलकोलिनएस्टरेज या, मज्जातंतूंमधला संदेश थांबवणाऱ्या एन्झाइममध्ये आहे. मॅलाथिऑनचं शरीरात मॅलाऑक्सॉन होतं आणि ते या एन्झाइमच्या सक्रिय जागेतल्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेटचा गट चढवून ते बंद पाडतं. कितीही तडफड केली तरी जखडलेल्या झुरळात हे आपोआप घडत नाही. डोकी वेगळी काढा आणि या एन्झाइमचं काम रंगावरून मोजणारी एलमनची १९६१ची पद्धत वापरा. ४१२ नॅनोमीटरच्या प्रकाशात पिवळा रंग किती वेगाने चढतो ते बघायचं; हळू चढला तर एन्झाइम बंद पडलंय.

इथे एक फसगत मात्र हमखास होते. होमोजिनेट करताना, म्हणजे डोकी द्रवात वाटताना, पेशी फुटतात आणि तोवर एन्झाइमपर्यंत न पोचलेलं मॅलाऑक्सॉन तिथेच त्याला गाठतं. मग नळीत झालेला ऱ्हास कीटकाच्या नावावर जमा! म्हणून बर्फावर, भराभर काम करा. औषध कार्बामेट या दुसऱ्या प्रकारचं कीटकनाशक असेल तर उलटं: नमुना पातळ करून ठेवला की एन्झाइम हळूहळू मोकळं होतं आणि परिणाम कमी दिसतो.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा गट, एक पुरणार नाही. एक गट अजिबात न छेडलेला, दुसऱ्याला तेवढंच हाताळून फक्त ॲसिटोनचा (औषध ज्यात विरघळवतात त्या द्रवाचा) थेंब, तिसऱ्याला औषध. बेशुद्धीसाठी कार्बन डायऑक्साइड किंवा थंडी वापरत असाल तर शेवटच्या दोन्ही गटांना सारखाच वेळ द्या, कारण तोही ताणच. फॉस्फोरिलेज मोजायचंच असेल तर सगळे नमुने द्रव नायट्रोजनमध्ये एकाच ठरावीक वेळी गोठवा. ते मिनिटांत बदलतं. आकडे प्रति मिलिग्रॅम प्रथिनासोबत प्रति डोकंही द्या. ताणाने प्रथिनच घटलं असेल तर एन्झाइम न वाढताच वाढल्यासारखं दिसतं.