मोठी प्रिंट काढायच्या आधी

कोकणकड्याचा फोटो मस्तच आलाय रे, पण लगेच २४ बाय ३६ इंचाची ऑर्डर टाकू नकोस. आधी साधी ६ बाय ९ काढ, कपाटाच्या दारावर चिकटव आणि महिनाभर येता-जाता बघ, कारण ट्रेकहून आल्या आल्या आपल्याला फोटो नाही, तो दिवस आवडलेला असतो. महिन्यानंतरही पाय थबकले तर कर खर्च.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- मोबाईलवर शार्प दिसला की झालं असं समजतात. कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून कड्याची धार बघ, हललेली असेल तर मोठ्या प्रिंटमध्ये लपत नाही.
- व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल देतात. ओरिजिनलच दे.
- स्क्रीन फुल ब्राइट ठेवून एडिट करतात, मग प्रिंट काळपट येते.

६००० बाय ४००० पिक्सेल आहेत ना, भिंतीवर लांबून बघायला पुरतात. पेपर, कलर प्रोफाइल (प्रिंटमध्ये रंग बरोबर यावेत म्हणूनची सेटिंग) वगैरे नंतर बघू.