चावलेल्या कुत्र्याचा निकाल

“मॅडम, कुत्र्याची भीती काही केल्या जात नाही. सिनेमे बंदच करू का?” समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या दुसरीतल्या मुलाच्या आईनं बसण्याआधीच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

सोसायटीच्या गेटवरची कुत्री शिळी पोळी खात होती. यानं मागून जाऊन तिला मिठी मारली, ती पोटरीला चावली. घरात त्याच आठवड्यात आजोबांसोबत ‘तेरी मेहरबानियाँ’ बघून झाला होता. 1985 चा तो सिनेमा, त्यातला कुत्रा मालकाच्या खुन्यांना शोधून बदला घेतो. ते बघूनच पोरगं कुत्र्याच्या गळ्यात पडलं, असं आईचं म्हणणं. तेवढं खरंही होतं.

मला खटकलं ते वेगळंच. चावल्याचं त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. रात्री चादरीवर रक्त दिसलं तेव्हा आईला कळलं. नुसता घाबरलेला मुलगा भोकाड पसरून घरी येतो, लपवत नाही.

खेळण्यांशी खेळताना त्यानं कुत्र्याला एका बाहुल्यावर भुंकायला लावलं. “हा चोर आहे.”

“कुत्र्याला कसं कळलं?”

“त्याला कळतंच. वाईट माणसालाच चावतो तो.”

एवढं बोलून तो पँट पोटरीवर ओढत राहिला. बऱ्याच वेळानं खाली बघत म्हणाला, वर्गातल्या एकाचं खोडरबर मी घेतलंय, कुणाला माहीत नाही.

म्हणजे कुत्रीनं निकाल दिला होता! त्यात आजीनं सहज म्हटलेलं, “तूच काहीतरी केलं असशील, उगाच नाही चावत कुत्रं.” पोराच्या दृष्टीनं अपीलही फेटाळलं गेलं.

आपल्या सिनेमातला कुत्रा खलनायकावर गुरगुरतो, नायकाचे अश्रू पुसतो. मोठ्यांना ती गंमत वाटते. मुलं मात्र त्यावरून कुत्र्याला न्यायाधीश करून टाकतात. कुत्रा प्रेमळ असतो, या समजापेक्षा मला हा समज जास्त धोक्याचा वाटतो, कारण त्यानं मूल चावा लपवतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रेबीजचा संशय असलेले प्राणी ज्यांना चावतात, त्यांतले 40 टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. ते सगळं मूल सांगेल तेव्हाच ना! याच्या बाबतीत उशिरा का होईना, लस सुरू झाली आणि सगळे डोस पूर्ण झाले.

“तू वाईट नाहीस” हे आईबाबांनी वीसदा सांगून झालं होतं. मी त्यांना मामाकडच्या लॅब्रेडॉरवर मोबाइलनं एक सीन काढायला सांगितलं. मामा कॅमेऱ्यामागे बिस्किट घेऊन उभा, कुत्रा डोळ्यांत जीव आणून बघतोय, आणि वरून याचा डायलॉग: “दोस्त, मैं आ गया!” व्हिडिओ दाखवताना मुलगा खो खो हसला. “तो माझ्याकडे नाही, बिस्किटाकडे बघतोय!”

मग गेटवरच्या कुत्रीचा सीन पुन्हा उभा केला. या वेळी कुत्रा तो झाला, मी मागून आले. खाताना कुणी धरलं तर काय वाटतं, हे त्यानं गुरगुरूनच दाखवलं. जांभई, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं म्हणजे ‘लांब राहा’, हे त्याला पाठ झालंय. शेपटी हलली म्हणजे दोस्ती असंही नाही, हे तो आता आजोबांना शिकवतो.

सिनेमे बंद केले नाहीत. फक्त बघताना कुणीतरी विचारतं, “बिस्किट कुठं असेल?”

आजी अजून म्हणते, उगाच नाही चावत कुत्रं. खोडरबर परत गेलं, अर्धं झिजलेलं.