बोरघाटाची कादंबरी लिहिणाऱ्यास

अनेक उत्तम आशीर्वाद.

बोरघाटाच्या रेल्वेवर लिहायचं ठरवलं आहेस, पण ॲलिस ट्रेडवेलला नायिका करू नकोस. 1859 मध्ये पहिला ठेकेदार फॅव्हिएलने ठेका सोडला, नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येताच वारला आणि काम त्याच्या बायकोने, याच ॲलिसने, तडीस नेलं, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. 1861 मध्ये घाटात 42 हजारांच्या आसपास माणसं राबत होती. तुझं माणूस त्यांत शोध. इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं सांगतात तो शिंगरोबा धनगर घेतलास तर दंतकथा म्हणूनच घे; दफ्तरातला पुरावा समजू नकोस.

माणूस कामातून उभा राहू दे. एकच सुरुंग नीट लिही. एकजण पहार धरतो, दुसरा घण घालतो. दर घावाला पहार जराशी फिरवायची, नाहीतर काळ्या पाषाणात ती रुतून बसते. भोकात पाणी ओतायचं, लगदा लांब पळीने उपसायचा, भोक कोरडं करायचं, मग दारू. वात सोडून वर माती ठासायची. ठासायला लोखंडी सळई घेतली आणि ठिणगी पडली, की खेळ खलास. त्याहून वाईट न उडालेला सुरुंग. वात विझली आहे की आत धुमसते आहे, बाहेरून कळत नाही, आणि मुकादमाला घाई असते. तुझा प्रसंग तिथे आहे. डायनामाइट मात्र आणू नकोस. त्याचं पेटंट 1867 चं. घाटातल्या रेल्वेचं उद्घाटन 21 एप्रिल 1863 ला झालं.

1,831 फूट चढ, 25 बोगदे हे आकडे निवेदनात ओतू नकोस. मजुराला त्याचा एक बोगदा आणि थकलेली मजुरी एवढंच माहीत. पैसा ठेकेदाराकडून मुकादमामार्फत झिरपत येई, आणि वाटेत अडे. जानेवारी 1859 मध्ये मजुरीवरूनच दंगल पेटली. ती लिहिताना आधी बाजारातली उधारी दाखव, वाण्याने धान्य बंद केलेलं दाखव. दगड मागून येतील. पटकी (कॉलरा) आणि पावसाळा यांना दोन पानांत उरकू नकोस, मजुरांचे तळ त्यांनीच रिकामे केले.

शेवट उद्घाटनाच्या गाडीवर नको. जुलै 1867 मध्ये घाटातला माहूकीमळीचा पूल कोसळला. दर्शनी घडीव दगडामागे डबर कसं भरलं जातं, चुना कुठे कमी पडतो, हे गवंड्याला साहेबाआधी कळतं. त्याने ते मुकादमाला सांगितलं की गिळलं, एवढं ठरव आणि लिहायला बस.